उतारा आणि उसनवारी



दुसऱ्याचे लिखाण आपल्या ग्रंथात कसे घ्यावे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम टीका-परीक्षणासाठी रास्त उतारा परवानगीवाचून घेऊ देते. किती शब्द, हे मात्र कायदा सांगत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्कच संपतो. ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे १८९७ साली वारले, त्यांचे लेख आज कोणीही छापावेत. म्हणून त्यांचे नाव गाळावे काय? प्राध्यापकाचे वाक्य नावानिशी येते. गिरणीवाल्याचे मात्र ‘एक कामगार म्हणतो’ असे! त्याला आधी विचारा. नावापायी त्याची नोकरी जाणार असेल, तर नाव झाका. नाहीतर ठळक छापा. मजुरी बुडवणाऱ्याशी आम्ही भांडतो. नाव बुडवणाराही आम्हांला निराळा वाटत नाही.