पानाचे माप



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. उत्तर बरोबर असूनही पुढे एकक लिहिले नसेल, तर ते निम्मे गुण कापीत. "पाच काय? पाच हात, पाच शेर, की पाच कोस?" हा त्यांचा प्रश्न येथे अनेकांच्या कानांत अजून असेल. मराठीच्या अध्यापकाने आज संगणकाचा विषय का घ्यावा, असे आपणांस वाटेल. त्या विषयाच्या मुळाशी 'पान' आहे, आणि पानानेच मला एकदा फसविले आहे.

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या स्मृतीची, म्हणजे मेमरीची, सारख्या आकाराची पाने पाडते. कोठे लिहिता यावे आणि कोठे केवळ वाचता यावे, हे पानागणिक ठरते. अर्ध्या पानाला कुलूप घालता येत नाही. १९८५ साली आलेल्या इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये हे पान ४ किलोबाइटचे, म्हणजे ४०९६ बाइटांचे होते. तेच माप पुढे घरोघरी रुळले, आणि रुळलेले माप निसर्गनियमासारखे वाटू लागले.

वस्तुतः ६४-बिट आर्म प्रोसेसरांच्या रचनेत ४, १६ आणि ६४ किलोबाइट अशा तीन मापांची तरतूद आहे. ॲपलच्या २०२० सालच्या एम१ संगणकांत पान १६ किलोबाइटचे आहे. २०२४ सालच्या अँड्रॉइड १५ नेही त्या मापाला वाव दिला. पान मोठे असले की पानांची नोंदवही आटोपशीर राहते. मात्र चार ओळींसाठीही अख्खे पान खर्ची पडते.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी लिनक्सच्या स्मृतिव्यवस्थेच्या चाचण्या दुरुस्त करतो. तो मला म्हणाला, "सर, पुष्कळदा व्यवस्था निर्दोष असते, चाचणीच चुकीची असते." एखादी चाचणी ४०९६ व्या बाइटापासून कुलूप घालू पाहते. पान १६ किलोबाइटचे असेल, तर तेथे पानाचा आरंभच नसतो. व्यवस्था रास्तपणे नकार देते आणि चाचणी तिला नापास ठरविते. याहून घातक प्रकार उलट आहे. चाचणी ४०९६ बाइटांच्या अंतराने सोळा ठिकाणी लिहिते, वाचून पाहते आणि सोळा पाने तपासल्याचे समाधान मानते. पान ६४ किलोबाइटचे असेल, तर ती सोळाही ठिकाणे एकाच पानात पडतात. निकाल मात्र 'उत्तीर्ण' असा लागतो.

४०९६ खोडून १६३८४ लिहिणे हा यावरचा उपाय नव्हे. पानांच्या नोंदींचा एक तक्ता स्वतः एका पानात मावतो आणि प्रत्येक नोंद ८ बाइटांची असते. ४ किलोबाइटच्या पानात ५१२ नोंदी मावतात. त्यांतून २ मेगाबाइटचे 'मोठे पान' होते. १६ किलोबाइटला तेच ३२ मेगाबाइट, आणि ६४ किलोबाइटला ५१२ मेगाबाइट होते. म्हणून चाचणीने आरंभीच व्यवस्थेला तिचे माप विचारावे आणि पुढचे सर्व आकडे त्यावरून काढावेत. एवढी स्मृती त्या यंत्रात नसेल, तर 'नापास' न म्हणता 'तपासले नाही' असे लिहावे.

हे ऐकताना मला माझी एक चूक आठवली. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा प्रबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला होता. तिने दिलेले ज्ञानेश्वरीचे पृष्ठांक माझ्या प्रतीशी जुळेनात. मी 'संदर्भ अविश्वसनीय' असा शेरा मारला आणि प्रबंध परत गेला. पुढे ग्रंथालयात तिने वापरलेली आवृत्ती माझ्या हाती आली. सारे पृष्ठांक बिनचूक होते. त्या आवृत्तीचे पानच निराळ्या आकाराचे होते. तिने अध्याय व ओवी द्यायला हवी होती, हे खरे, पण "तुमची प्रत कोणती?" एवढे विचारणे हे परीक्षक म्हणून माझे काम होते. तिला पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. मी पत्र लिहून क्षमा मागितली, तिने ती मोठ्या मनाने केली. ते वर्ष मात्र मला तिला परत देता आले नाही.

येथे बसलेल्यांपैकी अनेकजण उद्या कोणाची ना कोणाची परीक्षा घेतील. यंत्राची, विद्यार्थ्याची किंवा घरच्या माणसाची. नापासाचा शेरा लिहिण्यापूर्वी समोरच्याचे माप विचारून घ्या, एवढेच गुरुजींच्या वतीने सांगतो.