मांडवाची शोभा



तूर-हरभरा घरात आला, कापसाची उलंगवाडी झाली, की आपल्या वऱ्हाडात लग्नसराई सुरू होते. मांडव पडतो आणि प्रश्न येतो, शोभा कशी करायची?

हल्ली शहरातून डेकोरेशनवाले येतात. कापडाची फुले, रंगीत खांब, दुरून आणलेले गुलाब लावतात. एका रात्रीची ती शोभा. सकाळी सामान निघून जाते, बिल मात्र मागे राहते. हातात पैसा नसला, तर ते फेडायला पुढच्या हंगामाचा कापूस लागतो. तो कापूस अजून पेरलेलाही नसतो! कर्ज म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या कास्तकाराला सांगायला नको.

संत गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावला जन्मले. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. कर्ज काढून लग्न करू नका, हे ते कीर्तनातून गावोगाव सांगत फिरले. ते सांगणे आजही तितकेच खरे आहे.

तुम्ही म्हणाल, ‘पण सोयरे काय म्हणतील? पोरीचे लग्न आहे. मांडव भुंडा कसा ठेवावा?’ बरोबर आहे. मांडव भुंडा ठेवूच नये. साधे म्हणजे ओबडधोबड नव्हे. आपल्या धुऱ्यावर आणि परसात जे फुलते, ते नीट मांडले तर सोयरे पाहातच राहतील.

आता कोणत्या महिन्यात काय मिळते ते पाहू.

फाल्गुनात धुऱ्यावरचा पळस लाल होतो. पळसाची फुले हारात टिकत नाहीत. ती परातीत पाणी घालून त्यावर सोडावी आणि परात मांडवाच्या दाराशी ठेवावी. याच सुमारास वरुड-मोर्शीकडची मृग बहाराची संत्री निघतात. आंब्याच्या पानांवर संत्र्यांची रास रचा. रंग उठून दिसतो, आणि लग्न लागल्यावर ती पाहुण्यांना वाटता येतात. शोभाही झाली, पाहुणचारही झाला.

चैत्र-वैशाखात मोगरा येतो. बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. झेंडू मात्र आधी लावावा लागतो. बी टाकल्यापासून फुले यायला सुमारे तीन महिने लागतात. वैशाखात लग्न असेल, तर पौष संपता संपता बी टाका. दहा-वीस रोपांना न्हाणीचे पाणीसुद्धा पुरते.

आमच्याकडे ऊन कडक. अकोल्याला वैशाखात पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात फुले दुपारपर्यंतही टिकत नाहीत. म्हणून फुले पहाटे तोडावी. टोपलीत ठेवून वर ओले फडके घालावे. मोगऱ्याच्या कळ्या सायंकाळी, उमलण्याआधी तोडाव्या. मांडवाच्या बाहेरच्या बाजूला पाने बांधावी, आतल्या सावलीत फुले बांधावी.

तोरणाचा हिशोब सोपा आहे. एका हाताची बोटे २४. दर चार बोटांवर एक पान बांधले, तर एका हाताला ६ पाने लागतात. १० हात तोरणाला ६० पाने झाली. तेवढीच तोडा. उगाच फांद्या मोडू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कण्हेर दिसायला छान, पण तिची पाने, फुले, बिया, सारेच विषारी. जेवणाजवळ आणि लहान मुलांच्या हाताशी कण्हेर ठेवू नये. उरलेली गुरांपुढेही टाकू नये.

आता पंगत. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. आपली पळसाची पत्रावळ आणि द्रोण आहेतच. पत्रावळ वाळलेली असेल तर आधी पाणी शिंपडा, म्हणजे ती फाटत नाही. दर माणसाला दोन फूट जागा धरा. समोरासमोरच्या दोन ओळींत चार फूट वाट ठेवा, म्हणजे वाढणाऱ्याचा पाय पानाला लागत नाही. पानाभोवती रांगोळीची एक रेघ पुरे. जेवण टेबलावर असेल, तर धुतलेले पांढरे धोतर अंथरा. लोट्यात मोगऱ्याची चार डहाळी ठेवा. लोटा ठेंगणा असावा. समोरच्या सोयऱ्याचे तोंड तर दिसले पाहिजे!

हे सारे एकट्या घरचे काम नव्हे. पाने कोणी आणावी, हार कोणी गुंफावे, रांगोळी कोणी काढावी, हे आधी ठरले पाहिजे. आता आपल्याला लिहिता येते. वहीचे एक पान घ्या. डावीकडे वस्तू लिहा. उजवीकडे ती आणणाऱ्याचे नाव लिहा. खाली लिहा, बाजारातून काय आणायचे आणि त्याला किती रुपये लागतील. तो आकडा घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. घरातल्या बाईलाही विचारा, कारण कर्जाची झळ तिच्या चुलीला आधी लागते.

फुले दुसऱ्या दिवशी सुकणारच. ती उकिरड्यात टाकली, तर त्यांचे खत होऊन वावरात जाईल. पोरगी सासरी गेली, की मागे बापाच्या घरी तिची आठवण राहावी, सावकाराचा कागद राहू नये.