पहिले पत्र, पहिली भेट, पहिला करार
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही व्याख्याते नव्हे. तांबे ठोकण्यात ज्यांची हयात गेली अशांपैकी आहो. परंतु समाजातील अनेक तरुण आम्हांस एकच प्रश्न विचारीत आहेत : नव्या घाटाच्या वस्तू करावयाच्या तर डिझाइन स्टुडिओकडे जावे म्हणतात, पण जावे कसे, आणि तेथे बोलावे काय? त्याचे उत्तर आम्ही ठेच खाऊन शिकलो आहो, ते आपणांपुढे ठेवितो.

बंबाची जागा गीझरने घेतली, हंड्याची नळाने आणि पातेल्याची स्टीलने. पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीत पूर्वी दिवसभर चालणारा ठोक्यांचा नाद आता विरळ झाला आहे. तांब्याला गिऱ्हाईक उरले नाही असे मात्र नाही. आजच्या गिऱ्हाइकास मेजावर ठेवण्याचा जग हवा, दिव्याची छत्री हवी, फुलदाणी हवी. या वस्तूंचा घाट वाडवडिलांकडून आपल्या हाती आलेला नाही. म्हणून जाणत्याचे साह्य घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो साह्य कोणत्या नात्याने घ्यावयाचे याचा.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका स्टुडिओत गेलो आणि हात जोडून म्हणालो, "काही तरी नवीन काढून द्या." त्यांनी अरुंद गळ्याच्या सुरईचे सुरेख चित्र काढून दिले. परंतु त्या गळ्यातून आतील लोखंडी आधार जाण्यास वाटच नव्हती; मग मठारकाम करावे कसे? शेवटी सुरई दोन भागांत करून झाळून जोडली. मजुरी दुप्पट झाली आणि सांधा उघडा दिसू लागला. पुढे तोच घाट दुसऱ्याच्या दुकानी यंत्रावर दाबून काढलेला पाहिला. आमच्याजवळ कागदाचा एक चिटोराही नव्हता. त्या मंडळींचे नाव घेण्याचे कारण नाही. कारण अर्धा दोष आमचाच : आम्ही काय हवे ते सांगितले नाही, काय जमते ते दाखविले नाही, आणि काही लिहून घेतले नाही.

येथे एका जुन्या गोष्टीचे स्मरण देतो. 1958 साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स या डिझायनर दांपत्याने एक अहवाल सादर केला. त्यानंतर 1961 साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. या अहवालात त्यांनी मुक्तकंठाने वाखाणलेली वस्तू कोणती? आपला लोटा! पाणी किती मावावे, तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यावयाचा, भरलेला व रिता असता तोल कसा राहील, घासण्यास हात आत जाईल काय, धातूची किंमत काय आणि मोडीत काय येईल, असे प्रश्न त्यांनी मांडले. आणि इतक्या गोष्टींचा मेळ कोणा एकट्यास घालता आला नसता, तो पिढ्यान् पिढ्यांनी घातला, असा निर्वाळा दिला. बंधूंनो, हे प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनी भांडे घासता घासता विचारले आणि पणजोबांनी हातोड्याने सोडविले. तेव्हा स्टुडिओच्या पायरीवर याचक म्हणून उभे राहू नका. जाणकार म्हणून जा.

प्रथम पत्राविषयी. ते टपालाने धाडा वा ई-मेलने, पण धाडण्यापूर्वी त्या स्टुडिओने केलेल्या वस्तू पाहा; धातूचे काम त्यांनी केले आहे काय, याची चौकशी करा. पत्र एका पानाचे असावे. आपण काय घडवितो, किती जाडीचा पत्रा वापरतो, महिन्यास किती नग निघतात, कोणते काम हाताने व कोणते यंत्राने होते, गिऱ्हाईक कोण, खर्चाची ऐपत किती आणि माल कधी हवा, एवढे त्यात स्पष्ट असावे. ऐपत लपवू नये. आणि फुकट चित्र मागू नये. आपला ठोका फुकट नाही, तशी त्यांची रेघही फुकट नाही.

दुसरी गोष्ट भेटीची. वेळ ठरवून जावे. झळाळी दिलेल्या भांड्याबरोबर एक अर्धवट ठोकलेले भांडे, पत्र्याचा तुकडा आणि आपला हातोडा न्यावा. तांबे ठोकता ठोकता कठीण होते व तापवून पुन्हा नरम करावे लागते. मठारकामाचे ठसे केवळ शोभेचे नसून त्यांनी भांड्यास बळकटी येते. हे बोलून सांगण्यापेक्षा हाती देऊन दाखवावे. सोबत घरातील एखादी सून वा लेक अवश्य न्यावी. भांडे वापरणे आणि घासणे यांतले जे तिला ठाऊक असते, ते आपणांस नसते. त्यांनी टाकून दिलेले नमुने पाहावयास मागावे. चूक कशी सुधारतात, ते त्यांवरून कळते. काम प्रत्यक्ष कोण करणार, हेही विचारून घ्यावे. आणि निघताना एक अट घालावी : कागदावर रेघ ओढण्यापूर्वी त्यांनी एक पुरा दिवस आपल्या कारखान्यात बसावे. जो यावयास राजी नाही, त्याच्याशी काम आरंभू नये.

तिसरी गोष्ट आरंभाची. पहिले काम लहान धरावे. एक-दोन वस्तू पुरेत. पाहणी, कच्चे आराखडे, प्रत्यक्ष नमुना आणि पक्के आराखडे असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा मोबदला त्या त्या वेळी द्यावा. दुरुस्त्या किती वेळा होतील, नमुन्याचे तांबे कोणाचे, काम मध्येच थांबल्यास काय, आणि घाट कोणाच्या मालकीचा, हे आधीच लिहून सह्या कराव्यात. एकरकमी मोबदल्याऐवजी विक्रीवर हिस्सा ठरत असेल, तर हिशेब कोणी व कधी दाखवावयाचा, तेही लिहावे.

कायदाही थोडा समजून घ्यावा. 2000 सालच्या डिझाइन कायद्यान्वये नव्या घाटाची नोंद करता येते. तिचे संरक्षण 10 वर्षे असते व अर्ज केल्यास आणखी 5 वर्षे वाढते. परंतु घाट नवा हवा; म्हणून प्रदर्शनात वा दुकानात मांडण्यापूर्वीच अर्ज करावा. लोट्याचा जुना घाट, तो नवा नसल्यामुळे, कोणासही आपल्या नावे करता येणार नाही. मोबदला देऊन करवून घेतलेल्या घाटाचा मालक करवून घेणारा असतो, असेही त्या कायद्यात आहे. पण मोबदला कशाचा दिला, याचा कागद नसेल तर ते शाबीत कसे करणार? आमच्या सुरईचे हेच झाले.

अखेर एक विनंती. प्रत्येक घराने वेगवेगळी ठेच खाण्याचे कारण नाही. समाजातील वकील मंडळींनी मराठीत एक साधा करारनामा तयार करावा व तो कार्यालयात ठेवावा. ज्यांनी अशी कामे केली आहेत, त्यांनी बरे-वाईट अनुभव तेथे नोंदवावेत. आम्ही आमच्या सुरईची हकीकत पहिल्या पानावर लिहून देण्यास तयार आहो.

आमचा नातू कारखान्यात बसतो. पण तो टिकेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. केवळ मजुरीसाठी तो टिकणार नाही. जी वस्तू आपण घडविली, ती आपलीही आहे, असे त्यास म्हणता आले, तरच टिकेल. एवढ्यासाठीच हा खटाटोप.