कुदळ हातीं घेणारा पाद्री
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आज आम्ही आपणांस एका परदेशच्या धर्मोपदेशकाची हकीकत सांगणार आहोंत. त्यांचा मुलूख आपला नव्हे, भाषा आपली नव्हे. परंतु ज्या लोकांत त्यांनीं जन्म घालविला, ते लोक खडकाळ जमीन कसणारे, कर्जानें पिचलेले आणि ‘आमचें असेंच चालायचें’ म्हणून हातपाय गाळून बसलेले होते. म्हणून ही हकीकत आपल्या कामाची आहे.

फ्रान्स देशाच्या पूर्व सरहद्दीवर आल्सेस नांवाचा प्रांत आहे. तेथें व्होज डोंगरांत एक लहानसें खोरें आहे. जर्मन भाषेंत त्यास ‘श्टाइनटाल’, म्हणजे दगडांचें खोरें, असें म्हणतात. नांवावरूनच जमिनीची कल्पना यावी. हिंवाळा लांब, पीक थोडें. नदीवर पूल नाहीं, बाजारास जाण्यास धड रस्ता नाहीं. शाळेची तर अशी गोष्ट सांगतात कीं, स्टूबर नांवाचे पाद्री प्रथम तेथें गेले, तेव्हां एक जख्ख म्हातारा मास्तर म्हणून नेमलेला त्यांस आढळला. त्याला स्वतःलाच कांहीं येत नव्हतें. पूर्वीं तो गांवचीं डुकरें राखीत असे. तें होईना, म्हणून गांवानें त्याला मुलें राखावयास दिलीं! ऐकून हंसूं येतें. पण आपलें मूल कोणाच्या स्वाधीन करितों याची ज्या गांवास पर्वा नाहीं, तें गांव वर कसें यावें?

स्टूबर यांनीं शाळा सुधारण्यास आरंभ केला आणि १७६७ सालीं आपली जागा जाँ फ्रेडरिक ओबर्लिन यांच्या हवालीं केली. ओबर्लिन यांचा जन्म १७४० सालीं स्ट्रासबुर्ग शहरीं एका शिक्षकाच्या घरीं झाला. शिकलेसवरलेले, शहरांत राहिलेले. मनांत आणतें तर सुखाची जागा मिळवितें. पण वाल्डर्सबाख या खेड्यांत ते सव्वीस वर्षांचे असतां आले, ते मरेपर्यंत तेथेंच राहिले.

प्रथम त्यांनीं रस्त्याचें काम काढलें. बाजाराची वाट नसेल तर माल पिकवून काय करावयाचें? गांवकऱ्यांस जमवून त्यांनीं सांगितलें कीं, खडक फोडूं, कडेला भिंत घालूं आणि ब्रूश नदीवर पूल बांधूं. लोकांनीं माना हालविल्या. हें आपल्यानें होणें नाहीं, असें जो तो म्हणूं लागला. तेव्हां पाद्रीसाहेबांनीं वाद घातला नाहीं. खांद्यावर कुदळ घेतली आणि स्वतः खणावयास लागले. एक आला, दोन आले, मग सारा गांव आला. रस्ता झाला, पूलही झाला. प्रवचनानें जें होत नव्हतें, तें कुदळीनें झालें.

शेतीचीही तीच तऱ्हा. शहरच्या माणसानें नांगर धरणारास शेती शिकवावी हें कोणास रुचतें? हें ओळखून त्यांनीं उपदेश केलाच नाहीं. आपल्या वाट्याची जमीन पायवाटेला लागून होती. तींत खोल चर खणून, खत घालून त्यांनीं फळझाडें लाविलीं. येणारेजाणारे रोज पाहात. झाडें फोफावलीं, तेव्हां लोक आपण होऊन विचारावयास आले. बटाट्याचें बेणें खराब झालें होतें, तें त्यांनीं बाहेरून नवें आणविलें.

गांवांत कारागीर नव्हते. म्हणून त्यांनीं होतकरू मुलें निवडून स्ट्रासबुर्गास गवंडी, सुतार, लोहार यांचे धंदे शिकावयास पाठविलीं. तीं परत आलीं, तेव्हां गांवचें काम आणि कामाचा पैसा गांवांतच राहूं लागला. जो गृहस्थ देवळांत उपदेश करी, त्यानें लोहाराच्या भात्यास हलकें मानलें नाहीं, हें आमच्या कारागीर बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.

आतां पैशाची गोष्ट. त्यांनीं लोकांस भीक घातली नाहीं. कर्जाऊ रक्कम देणारा एक फंड उभा केला. गरजवंतानें पैसा न्यावा, ठरल्या दिवशीं परत करावा. वायदा मोडला तर पुन्हां कर्ज मागण्याचा हक्क गमवावा. दान घेणारा मान खालीं घालतो. घेतलेलें फेडणारा मान वर ठेवतो.

सर्वांत मोठें काम लहान मुलांचें. आईबाप शेतांत गेले कीं मुलें उकिरड्यावर. बांझे कुटुंबांतील सारा नांवाची एक शेतकऱ्याची मुलगी आपल्या घरीं मुलांस गोळा करून विणकाम शिकवी. ओबर्लिन यांनीं व त्यांच्या पत्नीनें तिचा हेतु ओळखला आणि गांवोगांव अशा शाळा निघाल्या. तेथें मुलें विणीत, गोष्टी ऐकत, रानांतल्या वनस्पतींचीं नांवें आणि खोऱ्याचा नकाशा शिकत. या कामांत पुढें लुईझ शेप्लर ही शेतकऱ्याचीच मुलगी पुढें आली. पंधराव्या वर्षीं ती पाद्रीसाहेबांच्या घरीं कामास लागली. १७८३ सालीं त्यांची पत्नी वारल्यावर घर व मुलें तिनें सांभाळलीं आणि मजुरी घेणें सोडलें. १८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें तिला ५००० फ्रँकांचें बक्षीस दिलें. विद्वानांच्या सभेनें मोलकरणीचा सत्कार केला, मंडळी!

फ्रान्सांत राज्यक्रांति झाली, तेव्हां उपासनेवर बंदी आली. १७९४ सालीं ओबर्लिन यांस अटकही झाली, पण लौकरच सुटका झाली. जंगलाच्या हक्काबद्दल खोऱ्यांतील गांवांचा व मालकांचा दावा ऐंशी वर्षांवर चालला होता. लोक कोर्टकचेरीनें नागवले होते. १८१३ सालीं ओबर्लिन यांच्या मध्यस्थीनें तो तडजोडीनें मिटला. १८१९ सालीं सरकारनें त्यांस ‘लिजन ऑफ ऑनर’ हा मान दिला. परंतु खोऱ्यांतील माणसें त्यांस ‘पापा’, म्हणजे बाप, म्हणत. आमच्या मतें हा किताब मोठा. १ जून १८२६ रोजीं, एकोणसाठ वर्षांच्या सेवेनंतर, ते वारले.

आपल्यांतील कोणी म्हणेल, असा पुरुष आम्हांस कोठून मिळावा? बंधूंनो, पाद्री बाहेरून आले खरे. पण रस्ता खणणारे हात, धंदे शिकून आलेलीं मुलें, सारा आणि लुईझ हीं सारीं त्याच दगडांच्या खोऱ्यांतलीं होतीं. पाद्रीसाहेबांनीं एवढेंच केलें कीं, त्यांस निकामी मानलें नाहीं. आपल्या गांवच्या सारेस आपण आज काय म्हणतों? मुलगी आहे, शिकून काय करणार, असेंच ना? हें म्हणणें ज्या घरांत आज थांबेल, त्या घरापासून पुलाचें काम सुरू झालें असें आम्ही समजूं.