दवाखान्यातून लवकर घरी
(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी, हळदीकुंकवाच्या आधी, दुखण्याखुपण्याविषयी बोलणे काहीसे विचित्रच. परंतु जिने तीस वर्षे शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली, तिला तुम्ही बोलावलेत. मग ती दुसरे काय सांगणार?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाई पोळ्या लाटीत होत्या. एकाएकी उजव्या हातातून लाटणे गळून पडले आणि शब्द अडखळू लागले. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. "उन्हाने झाले असेल," असे म्हणून त्यांनी उरलेल्या पोळ्या लाटल्या! मी मात्र त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. तपासणीत दिसले की मानेच्या डाव्या बाजूने मेंदूला रक्त नेणारी रोहिणी, जिला डॉक्टर कॅरोटिड म्हणतात, ती आतून चरबीच्या थराने फार अरुंद झाली आहे.

हात क्षणभर लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे होणे, ही पक्षाघाताची पूर्वसूचना होय. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात १९५४ साली अशाच वारंवार येणाऱ्या झटक्यांनी बेजार झालेल्या ६६ वर्षांच्या एका बाईच्या रोहिणीचा अरुंद झालेला भाग काढून टाकण्यात आला व तिचे झटके थांबले. त्याआधी एक वर्ष अमेरिकेत डॉ. डिबेकी यांनी रोहिणी उघडून आतील थर काढण्याची शस्त्रक्रिया केली होती. पुढे १९९१ साली उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सूचना मिळालेल्या आणि ७० टक्के वा अधिक अरुंद रोहिणी असलेल्या रोग्यांपैकी, नुसत्या औषधांवर ठेवलेल्या शंभरांतील २६ जणांना दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतील केवळ ९ जणांना. ही शस्त्रक्रिया सूचना मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत झाली, तर लाभ सर्वांत अधिक.

जाऊबाईंची शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "उद्या घरी न्या." भगिनींनो, मी त्यांच्याशी भांडलेच! माझ्या उमेदीच्या काळात असा रोगी आठवडाभर खाटेवर असे. मला वाटले, यांना खाट रिकामी करावयाची घाई झाली आहे.

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. पूर्वी रोहिणीत नळी घालून चित्र काढावे लागे, म्हणून शस्त्रक्रियेआधीच रोगी दाखल होई. आता बहुतेकदा ध्वनिलहरींच्या तपासणीनेच पुष्कळसे कळते आणि ती बाहेरच्या बाहेर होते. दुसरे असे की, जखमेतून रक्तस्राव होऊन मान सुजणे, नवीन पक्षाघात होणे, रक्तदाब चढणे किंवा उतरणे, हे धोके बहुतांशी पहिल्या काही तासांत दिसतात. म्हणून ते तास डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे. त्यानंतर प्रकृती स्थिर असेल, तर नुसते पडून राहण्याने काही साधत नाही. उलट म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात अशक्तपणा येतो, दवाखान्यातील जंतूंची बाधा होते, आणि खर्च वाढतो तो निराळाच. मला ते पटले. आम्ही त्यांना घरी आणले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. चौथ्या रात्री त्यांचे डोके डाव्या बाजूस ठणकू लागले. "झोप नाही म्हणून दुखते," असे त्या म्हणाल्या. मी रक्तदाब मोजला, तो फार चढला होता. अरुंद वाटेने वर्षानुवर्षे जपून आलेले रक्त एकदम जोराने मेंदूत शिरले की असे होते; दुर्लक्ष केले तर आचके येतात, मेंदूत रक्तस्रावही होतो. आम्ही तत्काळ परत गेलो. औषधांनी दाब उतरला, दोन दिवसांनी त्या घरी आल्या. आज त्या तुमच्यासमोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत!

यातून मी एवढेच शिकले की, दवाखान्यातील दिवस कमी होतात, परंतु देखरेख कमी होत नाही. ती घरी येते, आणि घरी आली की बहुधा आपल्याच पदरात पडते. तेव्हा घरी निघण्यापूर्वी आपण डॉक्टरांना न लाजता विचारावे: रक्तदाब किती असावा, दिवसातून किती वेळा मोजावा? कोणती गोळी चुकता कामा नये? रात्री फोन कोणाला करावा? मान सुजू लागली, श्वास किंवा गिळणे अडू लागले, डोके ठणकले, हात, पाय वा बोलणे अडले, तर सकाळची वाट पाहू नये. आपल्याकडे १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी. आणि रोगी एकटा राहणारा असेल, वा गाव दूर असेल, तर "आणखी एक दिवस ठेवा," असे म्हणण्यात संकोच कसला?

एक विनंती करून मी माझे बोलणे संपविते. मंडळाच्या कपाटात मोठी पातेली आहेत, सतरंज्या आहेत. त्यांच्या शेजारी रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र ठेवावे, आणि ज्या घरी रोगी आला असेल त्या घरी ते आठवडाभर द्यावे. यंत्र वापरावयास शिकविण्याचे काम मी आनंदाने करीन.