अ‍ॅमॉस अ‍ॅलोन्झो स्टॅग : प्राध्यापकपद लाभलेला प्रशिक्षक



स्नेहसंमेलनात पारितोषिके खेळाडूंना मिळतात आणि त्यांना घडवणारे क्रीडाशिक्षक बहुधा मांडवाच्या कडेला उभे असतात. म्हणूनच अमेरिकेतील अ‍ॅमॉस अ‍ॅलोन्झो स्टॅग (१८६२-१९६५) यांची कारकीर्द या प्रसंगी विचारात घेण्याजोगी आहे. येल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकणाऱ्या स्टॅग यांनी पाद्री होण्याचा बेत सोडला तो वक्तृत्व आपल्या आवाक्यातले नाही अशी खात्री झाल्यामुळे. त्यांचा खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचा आणि धावणाऱ्याला अंगाशी भिडून खाली पाडायचा, असा होता.

१८९० साली ते स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात रुजू झाले. तेथेच जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल हा खेळ तयार केला, आणि ११ मार्च १८९२ रोजी त्याच्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले, तेव्हा शिक्षकांची लाज राखणारा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा होता.

त्याच वर्षी, नव्याने सुरू होणाऱ्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येलमधील आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख नेमले आणि सहयोगी प्राध्यापकाचे कायम पद दिले. कर्णधार आणि माजी विद्यार्थीच संघ चालवीत त्या काळात प्रशिक्षकाला अध्यापकांच्या पंक्तीत बसवणारा हा निर्णय दूरगामी होता, पण तो निर्मळ मात्र नव्हता: हार्पर यांना नव्या विद्यापीठाचा गाजावाजा हवा होता, तिकिटांचा पैसा स्टॅग यांच्या विभागाच्या ताब्यात राहिला, आणि महाविद्यालयीन खेळाच्या पुढील बाजारीकरणाची बीजे याच व्यवस्थेत पडली. तंबाखू-दारूपासून कटाक्षाने दूर राहणारा, खेळाला चारित्र्यशिक्षण मानणारा शिक्षक त्या बाजाराचाही एक शिल्पकार ठरावा, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रकारांना टाळता येत नाही.

१९३२ च्या हंगामानंतर, सत्तरीत निवृत्त होण्याच्या नियमामुळे, त्यांना शिकागो सोडावे लागले; १९३९ मध्ये विद्यापीठाने फुटबॉलचा खेळच बंद केला. स्टॅग मात्र कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले, १९४३ साली, ८१ व्या वर्षी, देशातील प्रशिक्षकांनी त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक निवडले, आणि पुढे पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात ते मुलाच्या जोडीने नव्वदीपर्यंत मैदानावर उभे राहिले.