विमा, दर आणि खाट
(गोसीखुर्द येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या वैनगंगेकाठी माझे बालपण गेले, तिच्यावरील धरणाच्या भिंतीजवळच आज बोलावयास उभा आहे. 1988 साली या धरणाची कोनशिला बसली आणि आपल्यापैकी कित्येकांना शेत व उंबरठा दोन्ही सोडावे लागले. अशा घरात आजार शिरला म्हणजे विकावयास जमीनही उरलेली नसते. म्हणून सरकारी आरोग्यविम्याचा विषय मी मुद्दाम निवडला.

राज्याची जीवनदायी योजना 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली. भंडाऱ्यास ती 2013 च्या अखेरीस पोहोचली. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. वर्षाची दीड लाखांची मर्यादा 2024 पासून पाच लाख झाली. घरची माणसे हा पाच लाखांचा आकडा ऐकतात. डॉक्टर निराळाच आकडा ऐकतो. त्यास प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठरीव रक्कम मिळते, आणि तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण, परतीचे एस.टी. भाडेसुद्धा तीतच बसवावे लागते. केंद्राच्या आयुष्मान योजनेचे दर 2018 मध्ये प्रथम जाहीर झाले, तेव्हा सिझेरियन बाळंतपणास 9,000 रुपये धरले होते. इंडियन मेडिकल असोसिएशनने हरकत घेतली. 2019 मध्ये काही दर वाढले, काही उतरले.

दर उतरला, किंवा महागाईत जागच्या जागी राहिला (अर्थ एकच), म्हणजे डॉक्टर काय करतो? अमेरिकेत 1980 नंतरच्या दशकाअखेर वृद्धांच्या सरकारी विम्याने हृदयशस्त्रक्रियेचे दर कापले. तेव्हा न्यूयॉर्क व वॉशिंग्टन राज्यांत ज्या शल्यविशारदांचे उत्पन्न अधिक घटले, त्यांनी शस्त्रक्रियांची संख्याच वाढविली, असे संशोधनात आढळले. आपल्याकडे रोख पैसे देणारा रुग्णही दारात उभा असतो; त्यामुळे येथे मार्ग वेगळा निघतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. नागपुरास माझे लहानसे रुग्णालय होते. प्रथम योजनेचा प्रत्येक रुग्ण घेतला. खर्च वाढत गेला तेव्हा योजना सोडली नाही. फलकही तसाच ठेवला. केवळ योजनेच्या खाटा दहावरून चारवर आणल्या, सोपे रुग्ण ठेवून घेतले आणि गुंतागुंतीचे ‘मेडिकल’ला धाडू लागलो. एके दिवशी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठविलेला म्हातारा आपल्याच पुनर्वसित गावठाणातला निघाला. माझ्या वडिलांबरोबर त्याने नांगर धरला होता. त्या दिवशी खाट रिकामी होती.

योग्य दरासाठी शासनाकडे आपण अवश्य मागणी करावी. फुकट राबणारा डॉक्टर फार दिवस टिकत नाही. परंतु तोवर इतके ध्यानात ठेवा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्यालाच प्रथम गाठावे. योजनेतील उपचारासाठी बाहेरून औषध आणावयास सांगितले, तर पावती जपून 155388 या क्रमांकावर तक्रार करावी. खेड्यातून गेलेला मनुष्य मात्र पांढऱ्या कोटापुढे बोलत नाही. म्हणून मंडळाने नागपुरास शिकणारे आपले दोन तरुण रुग्णांसोबत जाण्यास नेमावेत. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च मी देईन.